उणेदुणे

“का ते विचारू नकोस. चिन्ह उलट कर आणि पुढे चल.”

हे वाक्य आमच्या घरात आलं ते आठवीतल्या कन्येबरोबर. तिनं ते क्लासच्या सरांकडून ऐकलं, सरांनी त्यांच्या सरांकडून, आणि त्या सरांनी आणखी कुणा सरांकडून. अशी ही गुरुपरंपरा आहे आणि तिच्यात ‘का’ या अक्षराला प्रवेश नाही. देवळाबाहेर चपला काढतात तसा पोरांनी आपला ‘का’ क्लासबाहेर काढून ठेवायचा. परत जाताना तो जागेवर सापडेलच याची हमी नाही.

नियम तसा लहान आहे. एक संख्या दुसरीपेक्षा लहान असेल, तर दोन्ही बाजूंत सारखंच काही मिळवा, लहान ती लहानच राहते. सारखंच काही वजा करा, तरी तेच. दोन्ही बाजूंना एखाद्या धन संख्येने गुणा किंवा भागा, तरी तेच. पण उणे संख्येने गुणलंत किंवा भागलंत, की जग उलटं होतं. दोन हे तीनपेक्षा लहान, पण उणे दोन हे उणे तीनपेक्षा मोठे. आठवीच्या पुस्तकात परिमेय संख्यांची तुलना येते तिथं हा प्रकार पोरांच्या अंगावर येतो, आणि पुढे बीजगणितात तो आयुष्यभर मानगुटीवर बसतो.

तर वाचकहो, मी भांडणार आहे ते त्या वाक्याशी. सरांशी माझं भांडण नाही. सर सज्जन आहेत, फी वेळेवर घेतात आणि पोरांना मारत नाहीत. पण ‘का विचारू नकोस’ हे वाक्य मारण्यापेक्षा वाईट आहे असं माझं मत आहे. छडीचा वळ चार दिवसांत जातो. या वाक्याचा वळ घेऊन माणसं चाळिशीत माझ्या काउंटरवर येतात, कर्जाच्या कागदावर सही करतात आणि ‘का’ विचारत नाहीत. त्याबद्दल पुढे येतोच.

आधी ‘चिन्ह’ या शब्दाची कैफियत. आपल्या मराठीत हा शब्द घरच्या जुन्या गड्यासारखा पडेल त्या कामाला जुंपलेला आहे. अधिक-उणे ही चिन्हं. ‘पेक्षा लहान’, ‘पेक्षा मोठा’ हीसुद्धा चिन्हं. ‘बरोबर’ हेही चिन्ह. निवडणुकीत अपक्षाला शिट्टी किंवा कपबशी मिळते तेही चिन्हच. आता पोराची अवस्था बघा. समीकरणं शिकवताना त्याला सांगितलेलं असतं, ‘संख्या पलीकडे नेली की चिन्ह बदलतं.’ वर्ष उलटतं आणि नवीन फर्मान निघतं, ‘उण्याने भागलं की चिन्ह बदलतं.’ पहिलं चिन्ह अधिक-उण्याचं, दुसरं लहान-मोठ्याचं. पण दोघांचं नाव एकच! एकाच नावाचे दोन खातेदार असले की आमच्याकडे आम्ही वडिलांचं नाव विचारतो, फोटो बघतो, आधार बघतो. गणितात तसली काही सोय नाही.

मग पोर ‘क्ष + ३ < १२’ हे गणित सोडवायला बसतं. तीन पलीकडे नेतं, त्याचे उणे तीन करतं. इथवर ठीक. पण ‘चिन्ह बदलतं’ हे कानात घुमत असतं, म्हणून ते मधलं चिन्हही बदलून टाकतं आणि उत्तर लिहितं, क्ष नऊपेक्षा मोठा. लाल फुली. पुढचं गणित ‘−३क्ष < १२’. मघाशी चिन्ह बदललं म्हणून फुली मिळाली, तर आता बदलायचं नाही असं ते शहाणपणानं ठरवतं आणि लिहितं, क्ष उणे चारपेक्षा लहान. पुन्हा लाल फुली. दोन्ही वेळा पोरानं सांगितलेलं ऐकलं, दोन्ही वेळा फुली खाल्ली. कार्यालयात नवीन साहेब आल्यावर आमची नेमकी हीच अवस्था होते, पण आम्हाला निदान पगार मिळतो.

मुळात ‘पलीकडे नेणं’ हीच अफवा आहे. संख्या काही पिशवी घेऊन एस.टी.नं पलीकडच्या गावाला जात नसते. दोन्ही बाजूंतून आपण तीन वजा करतो, तेव्हा डावीकडचे तीन संपतात आणि उजवीकडे तीन कमी होतात. पुस्तकात हे असंच दिलेलं असतं. पण पुस्तक आणि पोर यांच्या मध्ये क्लास उभा असतो.

मी गणिताचा पदवीधर नाही. बी.कॉम. आहे, आणि बँकेत कारकून आहे. अलीकडे आमच्या पदाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असं भारदस्त नाव मिळालं आहे. खुर्ची तीच आहे, तिचा डावा हातही अजून तसाच हलतो. पण उणे संख्यांबाबत बोलायचा अधिकार गणिताच्या पदवीधरापेक्षा मला जास्त आहे असं माझं नम्र म्हणणं आहे, कारण तो उणे संख्या फळ्यावर बघतो आणि मला त्या दिवसभर समोर रांगेत उभ्या दिसतात.

उणे संख्या शिकवायची म्हटली की बहुतेक पुस्तकं पोराला बर्फाच्या प्रदेशात घेऊन जातात. तिथं तापमान उणे सहा अंश असतं आणि दुसऱ्या एका गावी उणे दहा. कोणतं गाव जास्त थंड? आता हा प्रश्न रावेरच्या पोराला विचारणं म्हणजे माशाला उन्हाळी लागण्याबद्दल विचारण्यासारखं आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, दुपारी डांबरी रस्त्यावर चप्पल चिकटते, आणि बर्फ म्हणजे रसवंतीवाल्यानं गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, एवढीच आमची ओळख. उणे सहा अंश ही रावेरकराला परीकथा वाटते.

पण कर्ज? रावेर तालुक्यातल्या पोराला कर्ज समजावून सांगावं लागत नाही. टिश्यूकल्चरची रोपं उधारीवर, खत उधारीवर, ठिबकच्या नळ्या कर्जावर, आणि सगळ्यांचा हिशेब घड कापले की. सातवीतलं पोर सांगेल की अमक्याच्या बापावर दोन लाख आहेत आणि तमक्याच्या बापावर दहा, आणि त्यातला कोण बरा आहे तेही सांगेल. उणे दोन हे उणे दहापेक्षा मोठे, हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक असतं. फक्त त्याला कुणी सांगत नाही की तू जे सांगतोयस तेच गणित आहे.

आणि ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. आपल्या भाषेत या संख्यांचं नावच ‘ऋण’ आहे, आणि ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला, त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम धन आणि ऋण याच शब्दांत दिले. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने या संख्यांना शिस्त लावली त्याने त्यांना सावकाराच्या वहीतलं नाव दिलं, आणि आपण ती वही मिटून पोरांना थर्मामीटर दाखवतो!

तर आता उण्याने गुणलं की चिन्ह उलटं का होतं, ते काउंटरवर या, दाखवतो.

बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आधी सांगतो. तुमच्या पासबुकात जी रक्कम ‘जमा’ म्हणून दिसते ती बँकेच्या ताळेबंदात ‘देणं’ म्हणून असते. तुम्ही पैसे ठेवलेत म्हणजे बँक तुमची देणेकरी झाली. तुमचं धन ते आमचं ऋण. उलट तुम्ही कर्ज घेतलंत, की तुमचं ऋण ते आमचं धन. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात हे शिकवतात, आणि पहिले सहा महिने ते डोक्यात शिरत नाही.

आता समजा, एका आजीच्या खात्यात पाचशे रुपये आहेत आणि एका बागायतदाराच्या खात्यात दोन लाख. काउंटरच्या बाहेरच्या बाजूने बघा. पाचशे हे दोन लाखांपेक्षा लहान. यात वाद नाही, आजीसुद्धा मान्य करेल. आता फळी उचलून आत या आणि माझ्या खुर्चीत बसा. (डाव्या हातावर भार देऊ नका.) इथून काय दिसतं? आजीच्या नावे आमच्या डोक्यावर पाचशेचं देणं आहे, म्हणजे उणे पाचशे. बागायतदाराच्या नावे उणे दोन लाख. यातलं मोठं कोणतं? ज्याच्यात देणं कमी ते. उणे पाचशे हे उणे दोन लाखांपेक्षा मोठे. चिन्ह उलटलं की नाही? आणि एक पैसा हललेला नाही. आजी तिथंच आहे, बागायतदार तिथंच आहे, फक्त आपण काउंटरच्या पलीकडे जाऊन बसलो. उणे एकने गुणणं म्हणजे एवढंच. उणे तीनने गुणणं म्हणजे काउंटर ओलांडायचा आणि रकमा तिप्पट करायच्या.

हे मी कन्येला पासबुक समोर ठेवून सांगितलं. तिला चार मिनिटं लागली. त्यातली दोन मिनिटं ‘बाबा, म्हणजे बँकेवरच कर्ज असतं?’ या आश्चर्यात गेली.

पहिली-दुसरीत एक मगरही शिकवतात, तिचाही निकाल याच जागी लावून टाकतो. < आणि > ही मगरीची तोंडं, आणि मगर भुकेली असल्यामुळे मोठी संख्या खाते. सात आणि तीनपर्यंत ही मगर गुणी वागते. पण तिच्यापुढे उणे दोन आणि उणे दहा ठेवा, ती उणे दहावर झडप घालते, कारण तिला दहा दिसतात. भुकेल्या प्राण्याच्या हाती तुलनेचं काम दिलं की असंच व्हायचं. व्याजदराची जाहिरात वाचून धावणाऱ्या ठेवीदारांतही मला अधूनमधून ही मगर दिसते.

बेरीज-वजाबाकी ही गरीब जात. ती कुणाची जागा बदलत नाही, अंतरही बदलत नाही. उदाहरण आमच्याच पगारपत्रकातलं. महाराष्ट्रात व्यवसाय कर म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५००. माझे कापतात तेवढेच मॅनेजरसाहेबांचे. दोन्ही बाजूंतून सारखीच रक्कम वजा. ते वर आणि मी खाली, अंतर जसंच्या तसं. यात गणिताची काही चूक नाही. गणित खिसा पाहत नाही, अंतर पाहतं.

धन संख्येने गुणणं मात्र दिसतं तितकं साळसूद नाही. क्लासमध्ये सांगतात, ‘धन संख्येने गुणलं तर काही बदलत नाही.’ काही कसं बदलत नाही? दिशा बदलत नाही, अंतर बदलतं! समजा माझा पगार चाळीस हजार आणि साहेबांचा ऐंशी. दोघांना ‘सरसकट’ दहा टक्के वाढ द्या. माझे चव्वेचाळीस झाले, साहेबांचे अठ्ठ्याऐंशी. कालपर्यंत आमच्यात चाळीस हजारांचं अंतर होतं, आज चव्वेचाळीस हजारांचं आहे. आणि दोघांनाही सारखीच वाढ मिळाली म्हणून पेढे एकाच पुड्यातले. त्याऐवजी दोघांना पाच-पाच हजार दिले असते तर अंतर चाळीसच राहिलं असतं. मिळवणं आणि गुणणं यांतला हा फरक ज्याला कळतो तो सभेत उठून विचारतो, ‘टक्क्यांत की रुपयांत?’ ज्याला कळत नाही तो टाळ्या वाजवतो. आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारायची सवय लागायला काय हरकत होती?

शून्याने गुणण्याबद्दल पुस्तकं फारसं बोलत नाहीत. शून्याने गुणलं की लहान-मोठं हा भेदच संपतो. पाचशे हे हजारापेक्षा लहान, हे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठपर्यंत खरं होतं. मध्यरात्रीनंतर दुकानदाराच्या लेखी दोन्ही नोटा सारख्याच झाल्या. पुढचे काही आठवडे आम्ही बँकवाले ती समता मोजत बसलो होतो.

आता कुणी म्हणेल, कारकूनसाहेब, एवढ्याशा नियमाला एवढी भाषणं कशाला? पोरांनी पाठ करावा, मोकळं व्हावं. तर ऐका. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आंत्वान आर्नो नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. धर्मशास्त्रातला आणि तर्कशास्त्रातला नावाजलेला माणूस. तो नेमका इथंच अडला. उणे एक भागिले एक, आणि एक भागिले उणे एक, यांचं उत्तर एकच येतं. आर्नो म्हणाला, हे कसं? उणे एक हा एकापेक्षा लहान. मग लहानाचं मोठ्याशी जे नातं, तेच मोठ्याचं लहानाशी कसं असेल? बघा, आमच्या पोरांचाच प्रश्न आहे. फरक इतकाच की आर्नोने विचारला म्हणून तो इतिहासात गेला आणि आमच्या पोरीने विचारला तर तिला ‘पुढे चल’ म्हणून सांगितलं.

शिवाय ही चिन्हंसुद्धा काही वेदांपासून चालत आलेली नाहीत. ‘बरोबर’चं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या इंग्रजी लेखकाने १५५७ मध्ये छापलं. ‘लहान’ आणि ‘मोठं’ ही चिन्हं आली १६३१ मध्ये, थॉमस हॅरियटच्या पुस्तकात, तेही हॅरियट वारल्यावर दहा वर्षांनी. जगात विषमता आधीपासून नांदत होती, पण कागदावर चिन्ह मिळालं ते समतेला आधी, आणि विषमतेला चौऱ्याहत्तर वर्षांनी. ‘लहान किंवा बरोबर’ असं दुहेरी चिन्ह पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३४ मध्ये वापरलं. त्या खालच्या रेघेची किंमत आपल्याकडे कर्जमाफीत कळते.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आठवा. ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल आणि व्याज धरून थकबाकी दोन लाखांपर्यंत असेल त्याला माफी, दोन लाखांवर गेली की नाही. ‘पर्यंत’ हा मराठी शब्द म्हणजे बूगेरची ती खालची रेघ. आता समजा दोन शेजारी शेतकरी आहेत. एकाची थकबाकी एक लाख नव्व्याण्णव हजार, दुसऱ्याची दोन लाख एक हजार. दोघांत अंतर दोन हजारांचं. माफीनंतर पहिला शून्यावर, दुसरा जागच्या जागी, आणि अंतर दोन लाख एक हजारांचं. दिशा बदलली नाही, जो वर होता तोच वर आहे. क्लासच्या नियमाप्रमाणे ‘काही बदललं नाही’! पण ‘दोन्ही बाजूंना सारखंच करा’ ही जी पहिली अट, ती पाळली गेली नाही की काय होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण कोणत्या पुस्तकात मिळणार आहे? योजना चांगली की वाईट हा माझा विषय नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते हे बँकेतल्या माणसाला कळतं. पण रेघेच्या वर दोन हजारांनी उभ्या असलेल्या माणसाला ती रेघ वाचता तरी आली पाहिजे.

आणि वाचता आली पाहिजे म्हणतो ते आपल्या जिल्ह्याच्या इज्जतीसाठीसुद्धा. जळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसगावजवळ, सह्याद्रीच्या पायथ्याशी पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथल्या देवळात शके ११२८ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात लिहिलं आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला. शेवटचा भाग तर चक्क त्या काळच्या मराठीत आहे आणि त्यात बाजारात येणाऱ्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं त्याची नोंद आहे. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराच्या करातून! भास्कराचार्यांचा जन्म नेमका कुठला यावर विद्वान भांडत राहोत. त्यांचं गणित शिकवायला खानदेशात शाळा होती, आणि तिचा हिशेब दगडावर कोरला होता, एवढं मला पुरे आहे.

त्याच भास्कराचार्यांच्या बीजगणितात एक गणित आहे. एकाजवळ रोख तीनशे आणि सहा घोडे. दुसऱ्याजवळ तसेच दहा घोडे, पण डोक्यावर शंभरांचं कर्ज. दोघांची श्रीमंती सारखी, तर घोड्याची किंमत काय? उत्तर शंभर. आता मी यात आठवीला शोभेल असा एक प्रश्न जोडतो. घोड्याची किंमत शंभरांच्या वर गेली तर श्रीमंत कोण? आणि खाली आली तर?

घोडे नकोत, केळी घ्या. एकाजवळ रोख तीन लाख आणि बागेत सहाशे क्विंटल माल. दुसऱ्याचा माल हजार क्विंटल, पण कर्ज एक लाख. सकाळी रावेरचा भाव फुटतो. भाव क्विंटलला बरोबर हजार असेल तर दोघे सारखे. पंधराशे निघाला तर पहिल्याचे बारा लाख, दुसऱ्याचे चौदा, कर्जवाला शेर. सातशे निघाला तर पहिल्याचे सात लाख वीस हजार, दुसऱ्याचे सहा लाख, कर्जवाला खाली. हजाराच्या अलीकडे एक चिन्ह, पलीकडे दुसरं. आमच्या तालुक्यात हे गणित चहाच्या टपरीवर रोज तोंडी सुटतं, आणि सोडवणाऱ्यांतले निम्मे लोक सांगतात की शाळेत गणित हा त्यांचा कच्चा विषय होता. विषय कच्चा नव्हता हो, त्याला त्यांच्या गावाचा पत्ता दिला नव्हता.

आता त्या वळाकडे येतो.

“सायेब, हप्ता कमी करून द्या, मुदत वाढली तरी चालीन.” हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. हप्ता लहान तो चांगला, असं सरळ गणित. पण एक लाख रुपये बारा टक्क्यांनी, मासिक हप्त्यांनी घ्या. दोन वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ४,७०७ रुपये. पाच वर्षांची घेतली तर सुमारे २,२२४. हप्ता निम्म्याहून कमी! घरी जाऊन सांगायला किती छान. फक्त दोन वर्षांत व्याज जातं सुमारे तेरा हजार आणि पाच वर्षांत सुमारे साडेतेहतीस हजार. हप्त्याच्या रांगेत जो लहान, तो व्याजाच्या रांगेत मोठा. चिन्ह उलटलं. तीन हे दोनपेक्षा मोठे, पण एक तृतीयांश हा एक द्वितीयांशपेक्षा लहान, हे ज्यानं कधी स्वतःच्या डोक्यानं पडताळलं असेल, त्याला एका गोष्टीच्या वाढण्यानं दुसरी घटते याचा संशय तरी येतो. तो विचारतो, ‘का?’ आणि त्यानं विचारलं की मला सांगायलाच लागतं. न विचारणाऱ्यालाही मी सांगतो, पण मागे रांग असते आणि त्याचं लक्ष सहीच्या जागेवर असतं.

जामीनदारांचं आणखी निराळं. बीजगणितात एक सावधगिरी आहे: दोन्ही बाजूंना क्षने भागू नका, जोवर क्ष धन आहे की ऋण हे ठाऊक नाही. ठाऊक नसताना भागलंत तर चिन्ह उलटायचं की नाही तेच कळणार नाही, आणि क्ष शून्य निघाला तर सगळंच बुडालं. मी इतकी वर्षं जामिनाचे कागद पाहतो आहे. भिडेखातर, साडू म्हणाला म्हणून, एकाच गल्लीत राहतो म्हणून, माणसं क्षची काहीच चौकशी न करता आपलं अख्खं आयुष्य त्याने भागून मोकळी होतात.

क्लासवाल्यांचं उत्तर मला ठाऊक आहे. ‘वेळ नाही. अभ्यासक्रम मोठा आहे. कारणं सांगत बसलो तर पोर्शन कधी संपवू?’ ठीक. घड्याळ लावा. अ हा बपेक्षा लहान. दोन्ही बाजूंतून अ वजा करा; शून्य हा ‘ब उणे अ’पेक्षा लहान. आता दोन्ही बाजूंतून ब वजा करा. उणे ब हा उणे अपेक्षा लहान. झालं. अर्ध्या मिनिटात, नुसत्या वजाबाकीने, चिन्ह कुठेही न उलटवता नियम सिद्ध. आणि ते ‘−३क्ष < १२’? दोन्ही बाजूंत तीन क्ष मिळवा, दोन्ही बाजूंतून बारा वजा करा, मग धन तीनने भागा. उणे चार हा क्षपेक्षा लहान. उत्तर तेच, आणि ‘उलट कर’ हे फर्मान वाटेत एकदाही भेटलं नाही. ज्याला नियम पाठ होत नाही त्या पोराने आयुष्यभर या वाटेने जावं, त्याचं काही अडणार नाही.

‘पण मार्क तर पडतात ना?’ हे दुसरं उत्तर. पडतात. सहामाहीपर्यंत पडतात. नंतर नियम दोन होतात, मग चार होतात, मग वर्ग करायची वेळ येते आणि उणे पाच हे तीनपेक्षा लहान असूनही त्यांचा वर्ग पंचवीस होतो आणि तीनचा नऊ. तेव्हा पोर सरांकडे बघतं, सर फळ्याकडे बघतात, आणि दोघांच्या मध्ये तो क्लासबाहेर काढून ठेवलेला ‘का’ नसतो.

माझी मागणी साधी आहे. आठवीच्या वर्गाला वर्षातून एकदा बँकेत पाठवा. आमच्या नाही तर कुठल्याही. निम्मी पोरं काउंटरच्या बाहेर उभी करा, निम्मी आत. बाहेरच्यांनी खात्यातल्या रकमा चढत्या क्रमाने लावायच्या, आतल्यांनी त्याच रकमा बँकेच्या बाजूने. मग दोन्ही याद्या शेजारी धरायच्या आणि एकाही मोठ्या माणसानं तोंड उघडायचं नाही. फक्त पेन्शनच्या दिवशी आणू नका, आणि मार्चअखेर तर अजिबात नको. येताना प्रत्येकाला घरचं पासबुक आणायला सांगा. छपाईचं मशीन चालू असलं तर भरूनही देऊ.